विलीजच्या ब्लॉकवर हाताने व्हॉल्व्ह सीट कापताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1944 ची डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने विकलेली, विलीज एमबी जीप, इंजिन गाडीतच. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं कंप्रेशन पडलेलं. हेड काढण्यापूर्वी स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरून पाहिली, तेव्हा दोन्ही वेळा सायलेन्सरमधून सूं असा आवाज आला. मशीन शॉपवाला म्हणतो ब्लॉक काढून आणा, आठही सीट (बंद होताना व्हॉल्व्ह ज्या गोल पट्टीवर टेकतो ती) नव्या टाकू. ओळखीचे जुने मिस्त्री म्हणतात, एवढं काही नको, घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासा, बसतील. यात हाताचा कटर कुठे बसतो, आणि हाताने कापलेली सीट टिकते का?

टिकते. फक्त सीट सरळ येणार की वाकडी, हे कटर धरणाऱ्या हातापेक्षा गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत वरखाली सरकतो तिच्यावर, जास्त अवलंबून असतं. म्हणून या उत्तरातला बराच भाग गाइडवर जाईल, कटरचा नंबर नंतर.

आधी निदान. दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय गॅस्केटवर जातो. दोघांच्या मधली पट्टी जळली की अगदी असंच रीडिंग येतं. पण तुमची हवा सायलेन्सरमधून निघत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरत नाहीत. या इंजिनात, म्हणजे 134 घनइंची गो-डेव्हिलमध्ये, आठही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच एका ओळीत उभे आहेत. पुढून मोजलं तर 1, 4, 5 आणि 8 एक्झॉस्ट, बाकीचे इनलेट. दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट चौथा आणि तिसऱ्याचा पाचवा, म्हणजे दोघे अगदी खेटून. ब्लॉकमधली सगळ्यात तापणारी जागा तीच. रेडिएटर गाळाने भरलेला असला की झळ आधी तिथेच लागते. त्यामुळे कटर हातात घेण्याआधी त्या दोन सीटांच्या मधली आणि सीटपासून सिलिंडरपर्यंतची जागा वायर ब्रशने आणि थिनरने लख्ख करा आणि तडा आहे का ते पाहा. तडा शोधायचा लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असा स्प्रेचा संच वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तडा निघाला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, ब्लॉक बाहेर काढावाच लागेल.

आता आठही सीट नव्या टाकण्याबद्दल. बिनशिशाच्या पेट्रोलचं कारण हमखास पुढे केलं जातं. देशभर शिसं असलेलं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. शिशाचा पातळ थर सीटला वंगणासारखा उपयोगी पडायचा, तो गेला, हे खरं. पण झीज होते ती मुख्यतः मऊ बिडाच्या एक्झॉस्ट सीटची, तीही गाडी सतत जोरात आणि भाराखाली पळवली तर. या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीट मुळातच कठीण पोलादाच्या, वेगळ्या बसवलेल्या रिंगा आहेत. इनलेट सीट थेट ब्लॉकच्या बिडात कापलेल्या आहेत, पण त्यांना प्रत्येक फेरीला थंड मिश्रण लागतं, त्या तेवढ्या तापत नाहीत. रविवारी फिरणाऱ्या जीपसाठी चार इनलेटना नवीन रिंगा टाकायची काही गरज नाही. उलट ऐंशी वर्षांच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या बाजूने गंजून भिंत किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही, आणि रिंगेसाठी खाच बोअर करताना कटर पाण्यात निघाला की चांगला ब्लॉक भंगारात जातो. (मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्यावर व्हॉल्व्हच्या तक्रारी वाढल्या, ते प्रकरण वेगळं. ते इंधन कोरडं, आणि टॅक्सी दिवसभर चालणारी.)

रिंग खरंच आहे का, हे डोळ्यांनी बघून घ्या. सीटच्या वरच्या कडेला पॉलिश पेपर फिरवला की केसासारखी गोल सांध्याची रेघ दिसते, आणि आतल्या धातूचा रंग बाहेरच्या बिडापेक्षा किंचित पांढरा असतो. त्या रेघेवर पातळ तेलाचा थेंब सोडा आणि रिंगेवर लाकडी दांड्याने हलकं टकटक करा. तेलात बुडबुडा आला किंवा तेल आतबाहेर झालं तर रिंग ढिली आहे. ढिली रिंग कापून काही उपयोग नाही.

आता गाइड. हाताच्या कटरला स्वतःचं केंद्र नसतं. गाइडमध्ये एक सरळ दांडा, म्हणजे पायलट, बसतो आणि कटर त्याच्याभोवती फिरतो. गाइड वरच्या तोंडाशी झिजून भोंग्यासारखा झाला असेल तर पायलट कलतो, कटर कललेल्या अक्षावर अगदी छान, गुळगुळीत, गोल सीट कापतो, आणि व्हॉल्व्ह मात्र तिच्यावर एका बाजूने टेकतो. मग लोक म्हणतात हाताचं काम बरोबर येत नाही. दगडाने सीट घासणाऱ्या मशीनलाही हाच पायलट लागतो, तीही हीच चूक याच सफाईने करते.

नवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून सीटपासून थोडा उचला आणि बोटाने डावीउजवीकडे हलवा. जाणवेल इतका खेळ असेल तर मायक्रोमीटर आणि होल गेज काढा. साधारण हिशेब असा: इनलेटला दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला तीन थाऊच्या आसपास फट असली तर गाइड तब्येतीत आहे, पाच-सहाच्या पुढे गेली तर बदला. मोजताना गाइडच्या मधोमध मोजून समाधान मानू नका. वरच्या टोकाला, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीच्या लांबीत आणि आडवं, असं मोजा. गाइड बदलायचा ठरला तर जुना काढण्याआधी त्याचं वरचं टोक ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते लिहून ठेवा, इनलेटचं वेगळं, एक्झॉस्टचं वेगळं. नवा गाइड बसवताना किंचित आवळतो, म्हणून बसवल्यावर भोक मापात आणायला रीमर फिरवावाच लागतो. आणि हे सगळं सीट कापण्याआधी. सीट कापून मग गाइड बदलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सीट परत कापावी लागते, आणि प्रत्येक कापणीला धातू जातो तो परत येत नाही.

इंजिन गाडीतच आहे, म्हणून कीस कुठे जाणार याचाही विचार हवा. अशा साइड व्हॉल्व्ह इंजिनात, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या, स्प्रिंगांच्या कप्प्यातून तेल खाली सम्पमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, उतरायची भोकं असतात. बिडाचा कीस त्यातून खाली गेला की तेलाबरोबर फिरतो आणि बेअरिंगला लागतो. ती भोकं कापडाच्या बोळ्याने बंद करा (स्प्रिंगचे लॉकही इथूनच पळतात, म्हणून बोळे स्प्रिंग काढण्याआधीच घाला). सिलिंडरमध्ये चिंध्या, त्यावर कडेला ग्रीसची रेघ. पाण्याच्या भोकांनाही बोळे. कापून झाल्यावर फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. आधी लोहचुंबक फिरवा, मग व्हॅक्यूम, मग रॉकेलचं फडकं.

कटरचं बघू. बाजारात मिळणारा स्वस्त संच, पत्र्याच्या डब्यातला, साध्या पोलादाच्या दात्यांचा, तुमच्या इनलेट सीटांना चालेल, कारण बीड मऊ आहे. एक्झॉस्टच्या कठीण रिंगेवर तो नुसता घसरेल, रिंग चकचकीत करेल आणि स्वतः बोथट होईल. तिथे कार्बाइडच्या पात्यांचा कटर हवा. अमेरिकेच्या न्यूवेचा संच महाग आहे, पण पाती बदलता येतात आणि एकाच कटरवर वेगवेगळ्या मापाच्या सीट कापता येतात. क्लबमधल्या चार जणांनी मिळून एक संच घेतला तर परवडतो. लागणारे कोन तीन: सीटसाठी 45, वरून उतरवायला 30 किंवा 15, आणि आतून, म्हणजे पोर्टच्या (व्हॉल्व्हखालच्या वायूच्या वाटेच्या) बाजूने, 60 किंवा 75. व्हॉल्व्हचा तोंडाचा कोन 45 आणि सीट 46 अंश, असा एका अंशाचा फरक ठेवायची पद्धतही आहे. त्यात व्हॉल्व्ह सुरुवातीला बाहेरच्या कडेच्या बारीक रेघेवर बसतो आणि काजळी चिरडून पटकन सील धरतो. असा फरक ठेवलात तर नंतर पेस्टने घासायचं नाही, नाहीतर ठेवलेला फरकच घासून जातो.

पायलट आणि गाइड दोन्ही कोरडे, स्वच्छ पुसा. निमुळता पायलट हाताने दाबत, किंचित पिळत आत घाला, तो एका जागी धरतो. धरल्यावर वरचं टोक बोटाने हलवून बघा. जरासुद्धा डुलत असेल तर पुढच्या मापाचा पायलट घ्या. त्याचा वर राहिलेला भाग थेंबभर तेलाने ओला करा. सीट मात्र कोरडी ठेवा, बीड कोरडंच कापतात.

जुन्या सीटवर हातोडीने ठोकल्यासारखा कडक, चकाकणारा थर बसलेला असतो. त्यावर कटर पहिल्यांदा नुसता सरकतो आणि माणूस जोर वाढवतो. जोर वाढवू नका. 120 नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू सीटकडे, कटरच्या खाली ठेवून दोन-तीन वेढे द्या, थर फुटतो.

मग टी-हँडल. दोन्ही हातांचा भार बरोबर मधोमध, पायलटच्या रेषेत, खाली. एका हाताने ओढलं तर सीट त्या बाजूला जास्त कापली जाते. जीपच्या मडगार्डवरून वाकून काम करताना हे हमखास होतं, कारण शरीर एकाच बाजूला असतं. म्हणून दर दोन वेढ्यांनी गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने उभे राहा. वेडेपणा वाटेल, पण फरक पडतो. हेडचे स्टड उभे असतील तर हँडलला आडवे येतात, ते आधीच काढून ठेवा. फिरवायचं फक्त उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने. उलटं फिरवलं की पात्याची धार मोडते. वेग मंद आणि सारखा.

दोन वेढे झाले की कटर उचला आणि बघा. पहिल्यांदा सीटवर करडे, ताजे कापलेले तुकडे दिसतील आणि मध्ये जुने काळे डाग. काळा भाग एकाच बाजूला सलग राहिला असेल तर जुनी सीट अक्षाबाहेर झिजली होती, किंवा तुमचा पायलट वाकडा आहे. पायलट काढून, फिरवून परत घाला आणि आणखी एक वेढा द्या. ताजा भाग पायलटबरोबर सरकला तर दोष पायलटचा, जागेवर राहिला तर सीटचा. डाग विखुरलेले असतील तर ते खड्डे आहेत, आणखी दोन वेढ्यांत जातील. आवाजावरही लक्ष असू द्या. नीट कापताना बारीक, सलग खरखर येते. कर्कर, थरथर सुरू झाली की सीटवर लहरी उमटत आहेत. तेव्हा भार कमी करा, वेग आणखी उतरवा, पायलट पुन्हा घट्ट करा. तरी नाही गेल्या तर कटरखाली पुन्हा पॉलिश पेपर. शेवटचे एक-दोन वेढे नुसत्या हँडलच्या वजनावर, हात फक्त फिरवायला.

आणि जिथे शेवटचा काळा डाग गेला, तिथे थांबा. आणखी सुंदर करायला एक वेढा, हा मोह महाग पडतो. हिशेब करा: 45 अंशाच्या उतारावर धातूचा 0.1 मिलिमीटर थर गेला की व्हॉल्व्ह सरळ खाली 0.14 मिलिमीटर उतरतो, म्हणजे साडेपाच थाऊ. तुमच्या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला वर ढकलणारा तुकडा, थेट व्हॉल्व्हच्या दांड्याखाली आहे, मध्ये रॉकर नाही. म्हणजे सोळा थाऊच्या टॅपेट फटीतले साडेपाच तिथेच खाल्ले. टॅपेटला स्क्रू आहे, फट परत काढता येते, हे या इंजिनाचं सुख. पण खोल गेलेला व्हॉल्व्ह विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा होतो, त्याच्याभोवतीच्या भिंती मिश्रणाची वाट अडवतात. बुलेटसारख्या वर व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात तर दांडा वर येतो, स्प्रिंगची बसलेली उंची वाढून तिचा जोर कमी होतो, आणि खाली शिम घालावे लागतात.

पूर्ण गोल स्वच्छ सीट आली की ती बहुतेक वेळा हवी त्यापेक्षा रुंद असते. इनलेटला दीड मिलिमीटरच्या आत, एक्झॉस्टला दीड ते दोन. जुन्या मापात सांगायचं तर अर्धा सूत धरून चाला, इनलेटला जरा कमी, एक्झॉस्टला जरा जास्त. एक्झॉस्टची सीट बारीक केली तर कंप्रेशन पहिल्या दिवशी छान दाखवेल, पण व्हॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता, साधारण तीन चतुर्थांश, याच पट्टीतून ब्लॉकमध्ये जाते. पट्टी अरुंद झाली की व्हॉल्व्ह जळतो. उलट फार रुंद असेल तर स्प्रिंगचा दाब पसरतो, काजळीचे कण चिरडले जात नाहीत, आणि तिथून गळती सुरू होते.

रुंदी कमी कुठून करायची, ते व्हॉल्व्ह सांगतो. सीटवर प्रशियन ब्लूचा, म्हणजे खुणेसाठीच्या निळ्या रंगाचा, अगदी पुसट हात मारा, व्हॉल्व्ह घाला, न फिरवता बोटाने एकदा दाबून काढा. व्हॉल्व्हच्या तोंडावर निळी रेघ उमटेल. ती तोंडाच्या मध्यापासून किंचित बाहेर हवी, पण बाहेरच्या कडेपासून निदान अर्धा मिलिमीटर आत. रेघ कडेला चिकटली असेल तर वरून 30 च्या कटरने सीट खाली उतरवा. रेघ दांड्याच्या बाजूला असेल तर आतून 60 ने वर ढकला. हे कटर फार पटकन खातात, एकेका वेढ्यानंतर मोजा. वरचा कटर चालवताना एक काळजी: या ब्लॉकमध्ये सीट पृष्ठभागाच्या जवळच आहे, कटर बाहेर गेला तर गॅस्केट बसायच्या जागेत खाच पडेल.

ब्लू नसेल तर शिसपेन्सिल घ्या. व्हॉल्व्हच्या तोंडावर आडव्या बारीक रेघा मारा, जवळजवळ, सगळीकडे. घालून पाव वेढा फिरवा. सगळ्या रेघा एकाच पट्टीत तुटल्या तर काम झालं. एक रेघ जरी अखंड राहिली, तर तिथे सीटला व्हॉल्व्ह लागलेला नाही.

आता पेस्ट. तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं पूर्ण चूक नाही. सीट मुळात सरळ आणि नुसती मळलेली असेल, तर बारीक पेस्टने अर्धा मिनिट घासून ती उजळते. पण जिथे सीट वाकडी किंवा खड्ड्यांची आहे, तिथे तास-तासभर घासून व्हॉल्व्हच्या तोंडातच खाच पडते. थंड इंजिनात ती खाच सीटवर झकास जुळते, रॉकेलही गळत नाही. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचं डोकं फुगतं, टेकायची जागा बाहेर सरकते, आणि व्हॉल्व्ह खाचेच्या कडेवर चढून बसतो. गाडी सकाळी गोड चालते आणि घाटात दम सोडते, ती बहुधा अशीच. म्हणून पेस्ट मी तपासणीपुरतीच वापरतो: 45 ला 45 कापलं असेल तर बारीक पेस्टने आठ-दहा हलके झटके, करडी पट्टी सलग उमटली की पुसून टाकायचं. नंतर गाइडमधून रॉकेलचं कापड आरपार ओढा, पेस्टचा कण गाइडमध्ये राहिला तर नवा गाइडही लवकर संपतो.

व्हॉल्व्ह जुनेच वापरणार असाल तर तोंड मशीनवर घासून घ्या, ते काम हाताने होत नाही. घासल्यावर डोक्याची उभी कड एक्झॉस्टला 0.8 मिलिमीटरपेक्षा पातळ राहिली तर तो व्हॉल्व्ह टाकून द्या, पातळ कड लाल होते आणि प्री-इग्निशन, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटणं, सुरू होतं.

स्प्रिंगा चढवण्यापूर्वी डायल गेज मिळाला तर पायलटवर लावून सीटभोवती फिरवा. दोन थाऊच्या आत आलं तर मशीन शॉपच्या तोडीचं काम आहे. गळती बघायला हेडमधल्यासारखं रॉकेल ओतता येत नाही, कारण इथे खोलगट भाग हेडमध्ये गेला आणि ब्लॉक सपाट. स्प्रिंगा बसल्यावर पाइपचा एक आखूड तुकडा ग्रीस लावून व्हॉल्व्हभोवती उभा चिकटवा, त्यात रॉकेल ओता आणि मॅनिफोल्ड काढलेल्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. पाच मिनिटांत पोर्ट कोरडा असेल तर पुढच्या व्हॉल्व्हकडे.

टॅपेट सेट करताना युद्धकाळातलं लष्करी मॅन्युअल 0.014 इंच सांगतं, नंतरच्या सिव्हिलियन जीपचं 0.016. ताज्या कापलेल्या सीट सुरुवातीला थोड्या बसतात आणि फट कमी होते, म्हणून थंड इंजिनावर 0.016 ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर हेड पुन्हा टॉर्क करा (ठरलेल्या जोराने आवळा), टॅपेट पुन्हा बघा, आणि चौथा-पाचवा आधी बघा. त्यांची फट बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झाली असेल तर तिथली सीट अजून बसते आहे. आणखी पाचशेने पुन्हा मोजा. तेव्हाही उतरतच असेल तर रिंग नरम आहे किंवा पाणी तिथे पोचत नाही. ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा गाळाने बुजल्या आहेत का, ते वॉटर पंप काढून तेव्हा बघा.